कियारा किती वाजता उठते

आमच्या सिंदीत फोन उचलला का पयले विचारतेत, उठली का, चहा झाला का, जेवली का. समोरचा काही सांगो, आपन हो हो म्हनत राहाचं. तेवढंच मले येते, अन् तेच माह्या जिवावर उठलं.

माहा पोरगा निकेश इटलीत हाटेलात सैपाक करे. तिथलीच पाओला बायको केली त्यानं. त्यांची कियारा आता सहा वर्साची. दर रविवारी फोनवर निकेश मधात बसे, तिचं मले सांगे, माहं तिले. मागच्या पोळ्याले तो तिथं अपघातात गेला. क्रियाकर्म बी तिथंच झालं. मले फोनवर राखेचं एक मडकं दाखवलं. मडकं पाहून कोनाले पटते का?

तवापासून कियारा मले पाहे, मी तिले. दोन मिनिटांत पोरगी कंटाळून उठून जाये. मंग मी शेजारच्या रुचिकाच्या मांगं लागली. ती तिकडं शिकाले जाची म्हनून इटालियन शिकून राह्यली होती. तिनं रोजच्या सवयीचे चार सवाल कॅलेंडरच्या मांगं लिहून देल्ले. किती वाजता उठते, काय खाते, शाळेत कशी जाते, कवा निजते. आमच्या दुकानात कापड मोजता मोजता मी गिऱ्हाइकालेच 'कोझा मांजी', काय खाते, म्हनून बसली एकडाव. रुचिका म्हने, काकू, उत्तरं बी शिका. उत्तराचं काय एवढं, 'सी' म्हंजे हो, तेवढं म्हनीन म्हनलं.

रविवारी मी पयलाच सवाल, किती वाजता उठते, तो विचारला, "अ के ओरा ती आल्त्सी?" पोरगी पाह्यतच राह्यली, मंग हासली, अन् अशी बोलत सुटली का थांबेच ना. मी आपली सी, सी करत होती. मधात 'पापा' ऐकू आलं. तिनं दोनदा काहीतरी विचारलं. बापाची आठवन आली असन म्हनून मी अजूनच मायेनं म्हनलं, सी, बेटा, सी. पोरगी उड्या मारत आईकडं पळाली. वर्साभरात त्या दिवशी मी पयल्यांदा पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी पाओलाचा लांबलचक मेसेज आला. वाचता वाचता रुचिकाचं तोंड उतरलं. कियारानं मले विचारलं होतं, पापा तुझ्याकडं आहे का, तो बी सातले उठते का. वर्सभर समजावून पाओलानं बाप मेल्याचं पोरीले कसंबसं पटवलं होतं. आता पोरगी ऐकत नाई, म्हने आजीनं हो म्हनलं. येत्या रविवारी तुम्हीच तिले सांगा, नाई तं फोन बंद, असं लिहिलं होतं. तिचं काय चुकलं? अक्कल माहीच गहान पडली होती.

रुचिकानं कॅलेंडरवर ते सांगाची ओळ लिहून देल्ली. पापा ए मोर्तो. साऱ्या सवालाईपेक्षा सोपी. पन सहा दिवस झाले, तोंडातून निघेच ना. शेवटी रुचिका चिडली.

"काकू, आधी मराठीत म्हना."

तवा माह्या ध्यानात आलं. वर्स झालं, मराठीत बी मी ते कोनाले म्हनलं नाई.

रविवारी फोन आला. कियारा नवा फराक घालून बसली होती, मांगं पाओला उभी. पोरगी मान लांब करून माह्या मांगं, दाराकडं पाहून राह्यली होती. मी कॅलेंडर हातात धरलं. ओळ समोरच होती.

"अ के ओरा ती आल्त्सी?" मी विचारलं.

पोरीनं सांगाले तोंड उघडलं, अन् पाओलानं फोन बंद केला.