पिवळी कड

फौझीने मन लावून एखादं काम केलंय, असं कधी झालं नव्हतं. पण सख्खा धाकटा भाऊ, म्हणून शाद्लियाने त्याला बिझर्त बंदरातल्या आपल्या कारखान्यात ठेवून घेतलं होतं. शिडाच्या होड्यांच्या डोलकाठ्या दुरुस्त करायच्या, हा त्यांचा वडिलोपार्जित धंदा. वडिलांचा नियम एकच होता. अ‍ॅल्युमिनियमच्या काठीवर स्टेनलेसचा तुकडा कोरडा बसवायचा नाही. दोन्ही एकमेकांना भिडले आणि खारं पाणी लागलं, की स्टेनलेस चकचकीत राहतं आणि अ‍ॅल्युमिनियमची भुकटी होते. म्हणून मध्ये प्लास्टिकचा तुकडा, स्क्रूच्या आट्यांना पिवळा लेप. स्क्रू आवळला की लेपाची बारीक कड बाहेर येते, ती पुसायची नाही. कड दिसली की काम पास.

त्या दुपारी शाद्लियाचा नवरा मोंसेफ एका होडीच्या डोलकाठीच्या टोकाशी, दोराला टांगलेल्या फळीवर बसून तार सोडवत होता. दोर वरच्या कप्पीतून खाली आलेला, आणि ती कप्पी गेल्या वर्षी फौझीने बसवलेल्या स्टेनलेसच्या पट्टीला लटकलेली. आधाराचा दुसरा दोर बदलण्यासाठी सकाळीच काढला होता. खाली दोर धरून फौझी उभा होता.

डोलकाठीच्या बुंध्याजवळ दोर बांधायला बसवलेल्या स्टेनलेसच्या खुंटीभोवती रंगाला फोड आलेले शाद्लियाला दिसले. तिने एक नखाने उकरला, तर पांढरी भुकटी गळाली. खुंटीला हात घातला, तर ती स्क्रूंसकट हातात आली. भोवती पिवळी कड होती. आटे मात्र कोरडे ठणठणीत.

"ही कधी बसवलीस?"

"वरच्या पट्टीबरोबरच. का?"

"आट्यांना लेप?"

फौझी बहिणीला म्हणाला, "ट्यूब संपत आली होती, ओख्ती. दुसऱ्या दिवशी ईद, दुकानं बंद. दोन्हींना नुसतं बाहेरून लेपाचं बोट फिरवलं. तूच तर बघून पास केलंस."

शाद्लियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच खुंटीने त्याचं टाळकं फोडावं असं तिला वाटलं. पण आरडाओरडा झाला असता तर मोंसेफ दचकून हलला असता. तिने फौझीच्या हातून दोर काढून घेतला आणि वर पाहिलं.

"मोंसेफ, हरभऱ्याची गरम लब्लाबी आणलीय. गार होईल. चल, उतरवते."

"आज एवढी गोड बोलतेस?" वरून आवाज आला. "काय मोडलंस माझं?"

"अजून काही नाही. हलू नकोस, शांत बस."

ती वीत वीत दोर सोडत राहिली. वर काहीतरी करकरलं. तिने हात थांबवला नाही. मोंसेफचे पाय डेकला लागले तेव्हाच तिने दोर सोडला.

"कुठाय लब्लाबी?" मोंसेफने विचारलं. तिने खुंटी त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने आट्यांवरून अंगठा फिरवला, वर पाहिलं आणि मटकन खाली बसला.

"एवढं काय त्यात," फौझी पुटपुटला. "वर्षभर टिकलंच ना."

शाद्लियाने फळी उचलून त्याच्यासमोर धरली. "टिकलंय ना? मग बस. मी चढवते तुला. दाजींना बसवताना तुला काही वाटलं नाही, आता तू बस."

फौझीने डोलकाठीच्या टोकाकडे पाहिलं. फळीला त्याने हातही लावला नाही.