कोयरीचं भोक

नवी रायफल जुनीपेक्षा किती हलकी, हे दीक्षा चपात्या लाटता लाटता सांगत होती. मध्येच लाटणंच खांद्याला लावून दाखवत होती.

"जुनीचा धक्का असा बसतो बाबा, की खांदा दोन दिवस आपला राहत नाही. पण चिखलात लोळवा, धुळीत आपटा, ती चालणारच. नवी म्हणजे पीस. खोलायला सोपी, नेमही चटकन लागतो. फक्त नखरे फार."

"म्हणजे जुनी तुझ्या आईसारखी," भीमराज म्हणाला.

"धक्का विसरू नका," तव्यापाशी बसलेल्या सरूबाईने बजावलं.

पोलिसात लागलेली लेक दोन दिवसांच्या रजेवर भोसरीला आली होती. सकाळपासून अर्ध्या चाळीला ते ऐकवून झालं होतं.

"नखरे म्हणजे गं?" सरूबाईने विचारलं.

"तेलपाणी ताजं असेल तोवर गुणी. जरा धूळ बसली की रुसली. परवा सरावात तिसऱ्या गोळीला अडकली. आत एवढासा तुकडा असतो, खिळीवर फिरणारा. तो फिरेचना. उस्ताद म्हणाले, त्याचं भोकच घट्ट आहे." दीक्षाने पोळपाटावरच्या पिठात बोटाने आकृती काढली. "असा असतो बघ."

ती कोयरी होती.

सरूबाईचा हात तव्यावरच थिजला.

अकरा वर्षं ती सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपात तपासणीला होती. ड्रॉइंगवर नुसता नंबर. त्या तुकड्याला कोयरी हे नाव बायकांनीच पाडलेलं, आणि तो शिलाई मशीनचा असणार हेही त्यांनीच ठरवून टाकलेलं. भोकातून गेजची, म्हणजे माप तपासायची, गुळगुळीत सळी कोरडी गेली पाहिजे, नाही गेली तर तुकडा लाल ट्रेमध्ये. पण एका ओव्हरटाइमला सरूबाईला युक्ती सुचली होती. सळीला थेंबभर तेल. अडलेली सळी सरकन जायची. लाल ट्रे रिकामा, सुपरवायझर रंगराव खूश. "मावशी, तुमच्या हातात जादू हाय!" ती जादू तिने आणखी चौघींना शिकवली होती.

"आई, करपली ना चपाती!"

"आणि बाहेर कुठं अडकली असती तर?" तिला आपलाच आवाज ओळखू येईना.

"मग काय, समोरच्याला सांगायचं, थांब भावा, जरा पुसून घेते." दीक्षा हसली. भीमराजही हसला.

सरूबाईने पिठातली कोयरी तळहाताने पुसून टाकली. मग हाताला लागलेलं पीठ पदराला पुसत राहिली, पुसतच राहिली.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात त्याच पदराने तिने सळी पुसली. तीनदा. पहिल्या विसातल्या सात कोयऱ्या लाल ट्रेमध्ये पडल्या, तसा रंगराव धावत आला.

"मावशी, आज लॉट जायचाय! तेल संपलं का?"

"तेल हाय." तिने बाटली त्याच्या हातात दिली. "मागचे लॉटबी परत मागवा, साहेब."

"डोकं फिरलं का तुमचं? कुणी केलं म्हणून सांगू?"

"माझं नाव सांगा. आन् सांगा, हिचीच पोरगी ती बंदूक घेऊन उभी ऱ्हाती."

तिने पुढची कोयरी उचलली. सळी अर्ध्यावर अडली.