पाटीवरचा स्वर

"यांना बोलता येत नाही का हो?" नव्या पोस्टमननं मला हळूच विचारलं. ताईनं सही करून पाटीवर 'आभारी आहे' असं लिहून दाखवलं होतं. कार्यक्रमाच्या दिवशी ताई तोंडातून अवाक्षर काढत नाही, आणि हा बिचारा नेमका त्याच दिवशी उगवतो.

"येतं की," मी म्हटलं, "पण आज गळा राखीव आहे."

ऑपेराच्या कोरसमध्ये ताईनं सोळा वर्षं काढली. कधी दासी, कधी गर्दीतली बाई, एकदा तर नुसती पडद्यामागची किंकाळी. आज मुख्य गायिकेचा घसा बसला आणि ताईचं नशीब उघडलं. भूमिका तिला तोंडपाठ होती. घोडं अडत होतं ते शेवटच्या गाण्यातल्या एका स्वरापाशी. तो इतका वरचा, की पूर्वी याच भूमिकेच्या निवडीच्या वेळी तिथं ताईचा आवाज दोनदा फाटला होता. वाद्यवृंदाचा संचालक भला माणूस. म्हणाला, "खालचा स्वर घ्या, कुणाला कळणारही नाही."

ताईनं पाटीवर लिहिलं, 'बाईंना कळेल.'

आता हसावं की रडावं! बाईंना गेल्या वर्षापासून काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

बाई म्हणजे ताईच्या गुरू. ताई बारा वर्षांची असताना त्यांनी तिला जमिनीवर उताणं झोपवून पोटावर जाडजूड शब्दकोश ठेवला होता. "हा श्वासानं वर उचल, मग गाण्याचं बघू." तीन महिने नुसता शब्दकोश वर-खाली. मीही बरोबर जायचे. तिसऱ्याच दिवशी मला शब्दकोशाखाली गाढ झोप लागली, तेव्हा बाई म्हणाल्या, "तू आपली टाळ्या वाजवायला ये हो."

दुपारी आम्ही बाईंच्या खोलीवर गेलो. एकीनं बोलायचं नाही, दुसरीला ऐकू येत नाही, मधे मी आणि पाटी! ताईनं लिहिलं, 'वरचा घेऊ?' बाईंनी तिला पाठमोरी उभी केली आणि पाठीवर तळवा टेकवला.

"गा."

ताई गायली.

"डावी बरगडी झोपलीये अजून. किती वर्षं सांगतेय गं, बये!"

ताई पुन्हा गायली. बाईंचा तळवा जरासा मागं ढकलला गेला.

"हं. आता घे वरचा. फाटला तर फाटला, जगबुडी नाही होत."

संध्याकाळी ताईची पाठ दिसावी म्हणून बाई विंगेत माझ्याशेजारी स्टुलावर बसल्या. शेवटचं गाणं आलं. जीव मुठीत धरून मी बाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि थक्कच झाले. ताई श्वास घेत होती तशी माझ्या हाताखाली बाईंची बरगडी उघडत होती, अगदी तंतोतंत. ताईनं वरचा स्वर घेतला. कुठं ओरखडा नाही, कुठं ओढाताण नाही. माझे डोळे घळाघळा वाहू लागले. ताईनं श्वास सोडला तेव्हाच बाईंनीही सोडला.

टाळ्या थांबेनात. बाईंनी माझा दंड घट्ट धरला.

"लागला का गं? खरं सांग."

मी पाटीवर खडूनं मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं, 'लागला!'

बाईंनी ते दोनदा वाचलं आणि पाटी छातीशी कवटाळली. ताई घामाघूम होऊन आली, हातवारे करून पाटी मागू लागली. बाई काही देईनात.

"आता बोल की तोंडानं," त्या म्हणाल्या.

घरी सोडताना पाहिलं, तर बाईंच्या काळ्या कोटावर तो शब्द उलटा उमटला होता. मी झटकायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला.