वादळ्याची आई

ताईंनी पन्नाशी ओलांडली तरी वादळ्या अकराचाच राहिला. त्याची अ‍ॅनिमे, म्हणजे कार्टून मालिका सुरू झाली तेव्हा ताईंची मुलगी त्याच्याएवढी होती. ती शिकली, नोकरीला लागली, लग्न करून गेली; हा पठ्ठ्या आपला त्याच आखूड चड्डीत, उडत्या होडीत बसून हरवलेल्या बापाला शोधत हिंडत होता. त्याचा आवाज ताईंचा. त्याच्या आईचा आवाजही ताईंचाच, कारण सुरुवातीला आईला जेमतेम चार वाक्यं होती, तेवढ्यासाठी वेगळं माणूस कशाला? पुढे होडीतली चोंबडी कोल्हीणही त्यांच्याच गळ्यात पडली.

"आज कोण आलंय घरी?" नवरा दार उघडताना विचारायचा. "पोरगा असेल तर आधी हातपाय धू म्हणावं."

पहिली काही वर्षं ताई हसायच्या.

गळा सांभाळायचा म्हणजे काय, ते त्या घराला विचारावं. थंड नाही, तळलेलं नाही, आरडाओरडा नाही. ताई चिडायच्या तेही हळू आवाजात, आणि हळू आवाजात चिडलेल्या बाईला घरात कोण जुमानतं? आठवड्यातून दोनदा रेकॉर्डिंग, त्यामुळे कुठे गेलं तरी लगोलग परत. मोठ्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा तिचा लांबच्या शहरातून फोन आला.

"महिनाभर तरी ये गं. पोरं आपापल्या उद्योगात. मला हाताला धरून उठवायलासुद्धा कुणी नाही."

"विचारून बघते."

"कुणाला विचारतेस? त्या पोराला? इतक्या वर्षांत त्याला बाप सापडला नाही, आणखी महिनाभर नाही सापडला तर काय बिघडतं?"

ताईंना हसू आलं, पण फोन ठेवल्यावर ते टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या दिग्दर्शकासमोर उभ्या राहिल्या.

"सुट्टी?" तो म्हणाला. "ताई, प्रत्येक भागात तुम्ही आहात. तीन-तीनदा आहात!"

"मग वादळ्याला दुसरा आवाज शोधा."

असं काही बोलायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. तोंडून निघून गेलं. दिग्दर्शकाने हातातली संहिता मिटली. मग म्हणाला, "शोधू. पण पसंती तुमची."

मुली येऊ लागल्या. ताई काचेच्या अलीकडे बसून ऐकायच्या. एक नाकात बोलायची. दुसरी धापा टाकायची, पण त्या दम लागलेल्या पोराच्या नव्हत्याच. तिसरी चांगली होती, पण ताईंना ती उगाचच आगाऊ वाटली.

"ताई, आवाज शोधताय की सून बघताय?" दिग्दर्शक वैतागला.

मग एक किरकोळ अंगाची मुलगी आली. माइकसमोर एका पायावर भार टाकून उभी राहिली आणि ओरडली, "थांब! मी येतोय!"

ताईंच्या अंगावर काटा आला. ही नक्कल नव्हती. हा पहिल्या वर्षांतला वादळ्या होता, ताईंचा गळा जड व्हायच्या आधीचा. आता त्याला दरवेळी खालून ओढून वर आणावं लागे. या मुलीच्या तोंडून तो आपसूक धावत आला. नाही म्हणावं, असं मनात येऊन गेलं. कुणी कारणही विचारलं नसतं.

"हीच," ताई म्हणाल्या, आणि घरी जाऊन त्यांनी माळ्यावरची बॅग खाली काढली.

बॅग भरायच्या आत ऑफिसातून बोलावणं आलं. मॅनेजर फार गोड बोलला. एकदम तिन्ही आवाज बदलले तर प्रेक्षक उठतील. आई आणि कोल्हीण तरी ताईंनीच करावी. करारही अजून बाकी होता.

"आणि माझी बहीण?"

"हा सीझन संपला की बघू ना."

त्या मालिकेचा एक सीझन संपायच्या आत दुसरा सुरू झालेला असे, हे दोघांनाही ठाऊक होतं. ताईंनी भांडायला हवं होतं. पण इथून बाहेर पडलं तर या वयात दुसरीकडे कोण उभं करणार? "बरं," त्या म्हणाल्या, आणि जिना उतरताना त्या एका शब्दासाठी स्वतःवरच चडफडत राहिल्या. बहिणीने नर्स ठेवली. "असू दे गं," एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

नव्या मुलीबरोबरचं पहिलं रेकॉर्डिंग. वादळात भिजलेला पोरगा घरी येतो आणि दार ठोठावतो, असा प्रसंग. एरवी ताई आधी पोराची वाक्यं रेकॉर्ड करायच्या, मग हेडफोनमध्ये स्वतःचीच हाक ऐकत आईची उत्तरं द्यायच्या. आज मुलगी खांद्याला खांदा लावून उभी होती.

"आई! दार उघड ना!"

दोन आवाज एकदम उमटले. सवयीने ताईही ओरडल्या होत्या.

काचेपलीकडे हशा पिकला. मुलगी कानापर्यंत लाल झाली. "माझं चुकलं का, ताई?"

"तुझं नाही गं."

पुन्हा चित्र सुरू झालं. ताईंनी तोंडावर हात दाबून धरला. "आई! दार उघड ना!" मुलगी ओरडली, आणि ताईंना ती हाक बाहेरून ऐकू आली. कुणीतरी खरंच दाराशी उभं होतं, आणि उठून जाण्यावाचून सुटका नव्हती.

"आले रे," त्या म्हणाल्या. "आले."

इतका थकलेला आणि इतका मायेचा आवाज त्यांनी त्या आईला कधी दिला नव्हता. मुलीचे डोळे भरून आले.

"ताई!" दिग्दर्शक खुर्चीतून उठलाच. "हे कुठे लपवून ठेवलं होतंत इतकी वर्षं? आता आईला प्रत्येक भागात आणायचं. लेखकाला आत्ता सांगतो."

"अहो, नको..." ताई म्हणाल्या. पण माइक बंद झाला होता. जाड काचेपलीकडे तो फोन कानाला लावून हातवारे करत होता, आणि त्याचा एकही शब्द आत ऐकू येत नव्हता.