डाव्या हाताची गाठ

मी एक जुनी तिपाई आहे. चित्रकार कॅनव्हास टेकवतात ना, तीच. पण मित्रांनो, माझं माहेर चित्रकाराचं नाही. माझा चित्रकार सिराज, त्याच्या अब्बांचा कामतघरला कापड विणायचा माग होता, त्याचं मी लाकूड. अब्बा गेले, माग भंगारात निघाला, तेव्हा सिराजने माझ्या फळ्या तेवढ्या वाचवल्या आणि सुताराकडून मला घडवून घेतलं.

तेव्हा सिराजचा हात भलताच काटेकोर. चित्रात मागाचा एकेक खिळा मोजून रंगवायचा. लोक वाहवा करत आणि मी उगाच फुशारून जाई. सल एकच होता. अब्बांचं चित्र त्याने फोटोवरून चार वेळा काढलं, आणि चारही वेळा रशिदाअम्मी म्हणाल्या, "चेहरा त्यांचाच हाय रे, पण ते ह्यात न्हाईत."

सिराजने ब्रश ठेवून दिला. वर्षभर माझ्यावर टॉवेल वाळत होते, फार अपमान वाटला!

मग तो पुन्हा माझ्यासमोर उभा राहिला. पण आता चित्रांतले चेहरे पुसट झाले, मग माणसं गेली, मग मागही गेला. उरले नुसते उभे धागे. शेजारचा लडकू हसला, "सिराजभाय, ही तर चादरीची डिझाईन हाय!" खरं सांगते, मलाही पटलं नव्हतं. माझे खिळे कुठे गेले?

एका दुपारी रशिदाअम्मी चित्रापाशी आल्या. तीस वर्षं त्यांनी अब्बांच्याच कारखान्यात कापडाचे तागे तपासले होते. सवयच ती, ओल्या रंगावरूनच हात फिरवू लागल्या. निळ्या धाग्यांत एक तुटलेला, जाड रंगाच्या गाठीने बांधलेला धागा होता. तिथे बोट थांबलं.

"ही डाव्या हाताची गाठ..." त्या म्हणाल्या. "आख्ख्या कारखान्यात तेच अशी मारायचे. आले बघ, सिराज. आले!"

लहानपणी पाहिलेली ती गाठ सिराजच्या हातात राहिली होती. अम्मींनी निळा हात दिवसभर धुतला नाही.

मित्रांनो, मी आता सुखात आहे. माझा एक पाय तेवढा डुगडुगतो. सिराजने तो सुताने बांधलाय, त्याच गाठीने. कधी घरी आलात तर खुशाल हात लावून बघा. फक्त जुना दोरा समजून कापू नका.