सीट खाली सरकत होती

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची सायकल आहे. शर्यतीची म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काहीतरी झळाळतं येईल, म्हणून आधीच सांगते, मी तशी नाही. माझ्या अंगावर कुठल्या कंपनीचं नाव नाही, एकही रंगीत पट्टा नाही. मी नुसती काळी आहे. माणसं शरमेने काळी पडतात म्हणे. मी जन्मतःच काळी, त्यामुळे माझी शरम कुणाला दिसली नाही एवढंच.

माझा सांगाडा कार्बनचा. कार्बनच्या धाग्यांचं कापड चिकट राळेत भिजवून साच्यात थरावर थर बसवतात आणि भट्टीत भाजतात, तशी मी झाले. आमच्या कारखान्यात मोठ्या नावाच्या फ्रेम घासूनपुसून, पुन्हा पुन्हा तपासून रंगवायला जात. आम्हा बिननावाच्यांना कुणीतरी एकदा हाताने चाचपायचं आणि खोक्यात घालायचं. भोकाची कड खरबरीत राहिली, आत राळेचा एखादा थेंब वाळून बसला, तरी "स्वस्तातला माल आहे, चालतंय" म्हणून खोकं बंद. ते वाक्य ऐकतच मी जगात आले.

खोकं उघडलं ते एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या घरी. आसपासच्या इमारतींत त्यांना सगळे लिफ्टमास्तर म्हणत. मास्तरांचा हात लागलेली लिफ्ट लोण्यासारखी वर-खाली व्हायची. "आवाज म्हणजे आजार," ते म्हणत, "आवाज गेला की आजार गेला." या एका वाक्यावर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं आणि त्यात त्यांना कधी खोट आली नव्हती.

त्यांची मुलगी भिंगरी. शाळेत तिचं दुसरं नाव असेल, घरात मात्र भिंगरीच, कारण ती एका जागी ठरत नसे. ती सायकलच्या क्लबात जायला लागली होती आणि चुलतभावाच्या जड लोखंडी सायकलवर सगळ्यांच्या मागून धापा टाकत यायची. तयार शर्यतीची सायकल घेणं घराला झेपणारं नव्हतं. म्हणून मास्तरांनी ठरवलं, स्वस्तातली फ्रेम मागवायची, एकेक भाग जमवायचा आणि घरीच सायकल बांधायची.

"विकतच्या सायकलीत बापाचा हात कुठे असतो?" ते बायकोला म्हणाले.

भिंगरीची आई डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायचं काम करी. ती म्हणाली, "हात असू दे हो, पण सगळा पसारा बैठकीत नको."

पसारा अर्थातच बैठकीतच झाला. पलंग आणि कपाट यांच्या मध्ये मला उभी केली. गिअरची तार माझ्या पोटातून न्यायची होती. एका भोकातून आत घातलेली तार दुसऱ्या भोकातून काही केल्या बाहेर येईना. मास्तर घामाघूम झाले. शेवटी आईने शिवणाचा दोरा आणला, त्याचं टोक आत सोडलं आणि दुसऱ्या भोकाला धूळ ओढायचं यंत्र लावलं. सुर्रकन दोरा आत गेला आणि पलीकडून बाहेर! मग दोऱ्याला तार बांधून ओढली. भिंगरीने टाळ्या पिटल्या. मास्तर म्हणाले, "मला हेच सुचणार होतं." आई म्हणाली, "हो, पुढच्या वर्षी." तिघंही हसली, आणि त्या घरात आपलं चांगलं होणार असं मला वाटून गेलं.

पहिल्याच फेरीला माझं नाक कापलं गेलं. भिंगरी पॅडल दाबी आणि माझ्यातून आवाज येई, कट्ट. पुन्हा दाबी, पुन्हा कट्ट. क्लबातली मुलं मागे वळून बघू लागली. एकाने विचारलं, "काय ग, दाणे फोडतेस का?" भिंगरी कानापर्यंत लाल झाली. मी तर अशी खजील झाले की रस्त्यात दुभंगून पडावं असं वाटलं. स्वस्तातला माल, चालतंय. पण चालत नव्हतं ना!

मास्तर मात्र खूश झाले. आवाज हा त्यांचा प्रांत. त्यांनी पॅडल काढून त्यांच्या आट्यांना ग्रीस लावलं. आवाज तसाच. खालची बेअरिंग काढून, तिथली राळेची गाठ तासून, पुन्हा बसवली. तसाच. हँडल सोडवलं, चाकं काढून पाहिली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फेरी मारून बघायची, ही त्यांची पद्धत, आणि ती चांगली पद्धत आहे. मग एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं, पोर उभी राहून पॅडल मारते तेव्हा आवाज थांबतो, सीटवर टेकली की सुरू होतो. म्हणजे दुखणं सीटच्या दांड्यात!

निदान अगदी अचूक होतं. औषध तेवढं चुकलं.

त्यांनी दांडा माझ्यातून उपसला आणि लिफ्टच्या रुळांना लावतात ते दाट ग्रीस त्याला सढळ हाताने फासलं. लोखंडाला ते ठीक, पण माझा दांडाही कार्बनचा. कार्बनच्या दांड्याला ग्रीस लावत नाहीत, त्याला बारीक वाळूसारखे कण असलेली वेगळी पेस्ट लावतात. ती दांड्याला धरून ठेवते, ग्रीस त्याला घसरवतं. मास्तरांना हे ठाऊक नव्हतं. त्यात खोक्यातल्या कागदावर बजावलं होतं, स्क्रू फार आवळू नका, फ्रेम तडकेल. म्हणून त्यांनी मला जपून, हलक्या हाताने आवळलं. माझ्या मायेपोटीच हो.

आवाज गेला. साफ गेला. मास्तरांनी भिंगरीला गल्लीतून पाच-सहा चकरा मारायला लावल्या आणि स्वतः डोळे मिटून ऐकत उभे राहिले. "बघ," ते म्हणाले, "एक शब्द बोलते का?"

त्या दिवसापासून सीट खाली सरकायला लागली. एका फेरीला नखाच्या जाडीएवढी, कधी त्याहूनही कमी. रोज बघणाऱ्याला कळणार नाही इतकी. स्वस्तातल्या दांड्यावर मापाच्या रेघाही नव्हत्या. गतिरोधकावर आपटलं की दांडा माझ्या पोटात जरासा उतरे. मी धरून ठेवायची शिकस्त करी, पण तेल लावलेला हात कुणाला धरता येतो का? कुरकुर करावी तर तीही सोय उरली नव्हती.

सीट खाली गेली की गुडघे जास्त दुमडतात आणि पायाचा जोर वाया जातो. भिंगरीचे गुडघे दुखू लागले. आधी तिने आईला सांगितलं. आई म्हणाली, "उंच होतेयस, वाढत्या वयात दुखतंच." क्लबचे सर म्हणाले, "व्यायाम कमी पडतोय." मग ती बाबांकडे आली.

"बाबा, सायकलवर काहीतरी वेगळंच वाटतंय. आणि गुडघे फार दुखतात."

मास्तरांनी मला उचललं, कानाजवळ धरून पॅडल फिरवलं. "आवाज येतोय का? नाही ना? मग सायकल ठणठणीत आहे. नाचता येईना, अंगण वाकडं, असं करू नये, भिंगरे."

मित्रांनो, त्या घरात माझी स्तुती होत होती आणि प्रत्येक स्तुती त्या पोरीच्या पाठीत बसत होती. पाहुणे आले की मास्तर मला दाखवत. "स्वतः बांधली! हूं की चूं नाही. आता चालवणारीनं मनावर घ्यायला हवं." भिंगरी तिथेच उभी असे, मान खाली घालून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती माझ्यादेखत रोज दिली जात होती. चोर माझ्या पोटात आणि कौतुक माझं! असली लाज शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

हळूहळू ती बोलायची बंद झाली. न्हाणीघराचं दार लावून गुडघ्यांना मलम चोळायची आणि वास येऊ नये म्हणून खिडकी उघडायची.

क्लबातून दुसऱ्या गावी शर्यतीला संघ जाणार होता. त्याची निवड टेकडीच्या चढावर होती. सगळ्यांचे आईबाप पायथ्याशी जमले होते. भिंगरीने जीव तोडून पॅडल मारलं. मला तिचा जोर कळत होता, ती कुणापेक्षा कमी नव्हती. पण तिचे गुडघे नको तितके दुमडत होते. ती सगळ्यांत शेवटी आली. सरांनी निवडलेल्या मुलांची नावं सांगितली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू हं."

भिंगरीने मला वडिलांच्या हाती दिलं. "बाबा, माझ्याच्याने नाही होत. हिला विकून टाका."

मास्तरांना ते चारचौघांत लागलं. "होत नाही म्हणजे काय? अगं, मी या वयात चढून दाखवतो. बघच तू!" त्यांनी सीट स्वतःच्या उंचीला चांगली वर ओढली, स्क्रू आवळला, पँटची टोकं मोज्यात खोचली आणि निघाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मास्तरांचं वजन चांगलं भरभक्कम. पहिल्या गतिरोधकावर सीट बोटभर उतरली, वळणावरच्या खड्ड्यात आणखी. मास्तर दात-ओठ खाऊन पॅडल मारत होते. "वय झालं रे बाबा," ते धापा टाकत स्वतःशीच म्हणाले, "पायात गोळेच आले." त्यांनाही आधी स्वतःचाच दोष दिसला. मला रडू आलं असतं, येत असतं तर.

अर्ध्या चढावरून ते परत फिरले. पायथ्याशी पोचले तोवर सीट पार तळाला टेकली होती आणि त्यांचे गुडघे कानांशी गोष्टी करत होते. मुलं खो खो हसली. मोठ्यांनीही तोंडं फिरवली. सर मात्र हसले नाहीत.

"काका, सीट एवढी खाली ठेवून चढ चढायला गेलात?"

"खाली कुठे? मी वर..." मास्तर उतरले. माझ्याकडे बघितलं. खिशातला पाना काढून त्यांनी दांडा उपसला, त्यावरून बोट फिरवलं आणि ते काळं, बुळबुळीत बोट डोळ्यांसमोर धरलं.

सरांनी पेस्टबद्दल सांगितलं. मास्तर ऐकत होते की नाही कोण जाणे. उभ्या माणसाचा चेहरा असा उतरताना मी पाहिला नव्हता. मग ते मुलीकडे वळले.

"भिंगरे, ही रोज खाली जात होती ग. तुझ्या पायांत काही कमी नव्हतं. माझंच चुकलं."

ती रडली नाही, बाबांना बिलगलीही नाही. "मी सांगत होते ना, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही म्हणायचात, आवाज तर येत नाही."

मास्तरांनी ते बोट पँटला पुसलं.

त्यांनी सरांना, "पुन्हा एकदा चढू द्याल का तिला?" असं विचारलं. भिंगरीच मध्ये पडली. नावं जाहीर झाली होती, शेवटचं नाव तिच्या मैत्रिणीचं होतं. "तिचं काढून मला नको," एवढं बोलून ती घराकडे चालू लागली. त्या वर्षी संघ तिच्याशिवाय गेला. ती वेळ काही परत आली नाही.

घरी मास्तरांनी दांडा आणि माझी आतली बाजू पुसून पुसून कोरडी केली. पेस्ट लावली, सीट भिंगरीच्या मापाने बसवली आणि पाना तिच्या हातात दिला. तिने स्क्रू आवळला. आई दारात उभी होती. एरवी तिला बोलायला निमित्त लागत नसे. त्या दिवशी ती म्हणाली, "मी तरी कुठे ऐकलं तिचं?" आणि आत गेली.

सीट पुन्हा कधी सरकली नाही. पण मित्रांनो, सगळंच काही पान्याने घट्ट होत नाही. भिंगरी फेरी मारून आली की मास्तर विचारत, "काही दुखलं का ग?" ती म्हणे, "नाही." दुखलं असलं तरी नाहीच म्हणे. तिची मूठ हँडलवर कशी आवळलेली असते ते मला कळतं ना. मास्तरांनाही ते कळत असावं. ते माझी साखळी पुसत बसत. हे पुष्कळ दिवस चाललं. ते माझ्याकडे बघत नसत, मी त्यांच्याकडे.

मग एका सकाळी ती आली, मला भिंतीला टेकवलं आणि कुणी विचारायच्या आत म्हणाली, "बाबा, आज मान अवघडली."

मास्तर दाढी करत होते. तसेच, अर्ध्या गालाला फेस, अनवाणी बाहेर आले. हातात पाना नव्हता. मला त्यांनी उचलून पाहिलं नाही, कान लावला नाही. तिच्यासमोर पायरीवर बसले आणि म्हणाले, "कुठे? दाखव बरं."

मित्रांनो, सायकल पुसत जा, साखळीला तेल घाला, उन्हात टाकू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे. माझं मागणं वेगळं आहे. आपल्या घरात कुणी दुखतंय म्हणालं, तर आधी त्याचं म्हणणं खरं माना आणि मग हवं ते तपासा. मी मुकी वस्तू आहे, मला सांगता आलं नाही. तिला सांगता येत होतं, आणि ती सांगत होती.