गुपित आकडा

माझ्या दिराला प्रयोगशाळेत मीच चिकटवलं, तेव्हा आधी माझ्याच थोबाडीत मारायला हवी.

काम सोपं करून सांगते. जड क्वार्क आणि त्याचा प्रतिक्वार्क एकमेकांना धरून राहतात. ही जोडी वरच्या पातळीवरून खाली उतरली की प्रकाशाचा एक कण, फोटॉन, बाहेर टाकते. त्याची ऊर्जा मोजली की दोन पातळ्यांतलं अंतर कळतं. त्या एका अंतरापायी मी चार वर्षं डोळे फोडले, फोटॉन पकडून त्याची ऊर्जा दाखवणाऱ्या सहा हजार स्फटिकांचं माप एकेक करून जुळवलं.

आमच्यात एक रीत आहे. माणूस लबाड, हवं ते उत्तर येईपर्यंत आकडे कुरवाळत बसतो. म्हणून आमच्या प्रमुख बाई सगळ्या ऊर्जांमध्ये एक गुपित आकडा मिसळून ठेवतात. काम तपासून पुरं झालं की मगच तो सांगतात. आधी कळला तर ते मोजमाप बाद.

सासूबाईंचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस मी त्यांच्या उशाशी होते. त्यांचा धाकटा चिरंजीव म्हणाला, "वहिनी, पासवर्ड द्या, तुमचं काम मी चालू ठेवतो." दिला. आयत्या बिळावर नागोबा!

महिन्याभराने गटाच्या बैठकीत हा पडद्यापुढे उभा. माझा आलेख, मी खराब म्हणून गाळलेले तेच स्फटिक, आणि नाव एकट्याचं. "मोजमाप पूर्णपणे माझं," म्हणाला, "आणि अंतर सिद्धांतापेक्षा बरंच जास्त निघालंय." टाळ्या पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि मग मला हसू फुटलं. त्याच्या जुन्या प्रयोगात गुपित आकडा हिशोबाच्या अगदी शेवटच्या पायरीला मिसळत. आमच्याकडे पहिल्याच. गाढवाने चोरलं ते आकड्यासकट!

मी उभी राहिले. "भावोजी, गुपित आकडा वजा केलात?"

"तो यात नाहीच, वहिनी."

"बाई, आहे की नाही ते तुम्हीच सांगा."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना सगळं उमगलं. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "आत चल. मी त्याला बंद दाराआड सरळ करते. इथे आकडा फुटला तर खरं उत्तर सगळ्यांना कळेल. तुझी चार वर्षं पाण्यात जातील."

खरं होतं. गप्प बसले असते तर वर्षाअखेर माझ्या नावाने निकाल लागला असता. पण बंद दाराआड तो रडला असता, सासूबाईंनी पदर पसरला असता, आणि जेवायच्या टेबलावर पुन्हा मीच त्याला वाढलं असतं.

"इथेच सांगा," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर."

"नऊ," बाई म्हणाल्या.

नऊ वजा केल्यावर सिद्धांताचंच उत्तर आलं, अगदी तंतोतंत. इतकं सुरेख मोजमाप त्या खोलीत कुणी पाहिलं नव्हतं. दिराचा चेहरा पांढराफटक पडला. "वहिनींची फाईल होती," तो पुटपुटला.

"मोठ्याने," मी म्हणाले.

त्याने मोठ्याने सांगितलं. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मग बाईंनी लाल पेन काढलं आणि नोंदवहीत माझ्या मोजमापावर आडवी रेघ मारली.